उघड्या अस्थिभंगाची परीक्षा

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या चिटणीसांनी मला जे पत्र पाठविले त्यात विषय दिला होता, 'आरोग्य आणि विद्यार्थी'. या विषयावर बोलणे सोपे आहे. पहाटे उठा, दात घासा, पालेभाज्या खा, एवढे सांगून मी वीस मिनिटांत मोकळा झालो असतो आणि आपणही टाळ्या वाजवून मोकळे झाला असता. परंतु मी हाडांचा डॉक्टर आहे. पालेभाज्यांविषयी माझ्याहून अधिक माहिती या सभागृहातील प्रत्येक आईला आहे. म्हणून चिटणीसांची परवानगी घेऊन मी विषय बदलला. आज मी आपणाशी उघड्या अस्थिभंगाविषयी, म्हणजे ज्याला आपण बोलताना 'कंपाउंड फ्रॅक्चर' म्हणतो त्याविषयी, आणि त्याच्या गुणांकनाविषयी बोलणार आहे. गुण म्हणजे मार्क. शाळेच्या समारंभात मार्कांचा विषय अस्थानी ठरणार नाही, अशी आशा आहे.

हा विषय निवडण्यास एक कारण घडले. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एका सतरा वर्षांच्या मुलाला रात्री आमच्याकडे आणले. भावाची मोटारसायकल घेऊन तो निघाला होता, वळणावर घसरला आणि पाय रस्त्याकडेच्या गटारात अडकला. नडगीचे हाड बाहेर आले होते. शस्त्रक्रियागृहात जखम स्वच्छ करून झाल्यावर आम्ही गुण मोजले. ते सोळा भरले. मी बाहेर व्हरांड्यात येऊन मुलाच्या वडिलांना ते सांगितले. हे गृहस्थ अनेक वर्षे आखातात ड्रायव्हर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "डॉक्टरसाहेब, सोळा म्हणजे पास की नापास?"

मला त्या क्षणी उत्तर देता आले नाही. त्याचे कारण सांगणे हाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम हा प्रकार काय आहे ते पाहू. हाड मोडले पण वरची कातडी शाबूत राहिली, तर तो बंद अस्थिभंग. हाड मोडले आणि त्या जागेचा बाहेरच्या हवेशी, मातीशी, पाण्याशी संबंध आला, तर तो उघडा अस्थिभंग. हाड बाहेर दिसलेच पाहिजे असे नाही. सुईने टोचल्याएवढे भोक असले आणि ते मोडलेल्या हाडापर्यंत जात असले, तरी अस्थिभंग उघडाच. हा प्रकार नडगीत फार आढळतो, कारण नडगीच्या पुढच्या बाजूला मांस नाही. आपला हात फिरवून पाहा. कातडी आणि लगेच हाड. मांडीच्या हाडाला चोहोबाजूंनी मांसाची गादी आहे, नडगीला पुढून ती नाही. म्हणून ते हाड सहज बाहेर येते आणि बाहेर आल्यावर त्याला झाकायलाही जवळपास काही नसते.

या जखमेपुढे माणूस हजारो वर्षे हतबल होता. इजिप्तमध्ये सापडलेली शस्त्रक्रियेची एक फार जुनी पोथी आहे, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. एडविन स्मिथ पपायरस या नावाने ती ओळखली जाते. तिच्यात प्रत्येक दुखापतीपुढे वैद्याने तीनपैकी एक निर्णय द्यायचा असतो : याचा मी उपचार करीन, याच्याशी मी झुंज देईन, किंवा याचा उपचार करता येणार नाही. दंडाचे हाड मोडले आणि जखम आत हाडापर्यंत गेली, तर निर्णय तिसरा. माझ्या मते उघड्या अस्थिभंगाची पहिली वर्गवारी हीच होय. दहाव्या-अकराव्या शतकात कुर्तुबा, म्हणजे आजचे स्पेनमधील कोर्दोबा, येथील अबुल कासिम अल-जहरावी यांनी आपल्या तीस भागांच्या 'अत्-तसरीफ'मधील शेवटचा भाग शस्त्रक्रियेला दिला. त्यात मोडलेली आणि निखळलेली हाडे यांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. तरीही पुढे कित्येक शतके अशा पायाचा रिवाजी इलाज म्हणजे पाय कापणे हाच राहिला. आंब्रवाझ पारे हा फ्रान्सचा नामांकित शल्यविशारद. १५६१ मध्ये घोड्याने लाथ मारून त्याचाच पाय मोडला आणि हाडे मोज्यातून बाहेर आली. ज्याने शेकडो पाय कापले होते त्याने आपला कापू दिला नाही, आणि तो वाचला. अर्थात सगळ्यांचे नशीब पारेसारखे नव्हते.

खरा पालट १८६५ मध्ये झाला. विद्यार्थी मित्रहो, हे तुमच्यासाठी आहे. ग्लासगो शहरात जेम्स ग्रीनलीज नावाच्या अकरा वर्षांच्या मुलाच्या डाव्या पायावरून गाडीचे चाक गेले. हाड मोडले, जखम झाली. जोसेफ लिस्टर या सर्जनने जखमेवर कार्बोलिक ॲसिडमध्ये भिजवलेली पट्टी ठेवली. जखम चिघळली नाही. सहा आठवड्यांनी हाड जुळले. जंतुनाशक शस्त्रक्रियेचा पाया ज्या जखमांवर घातला गेला त्या उघड्या अस्थिभंगाच्या जखमा होत्या, आणि त्यांतला पहिला यशस्वी रुग्ण इयत्ता पाचवी-सहावीच्या वयाचा होता.

आता वर्गवारीकडे येतो. आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक हाडांच्या दवाखान्यात जी वर्गवारी चालते ती रॅमन गुस्टिलो या सर्जनच्या नावाने आहे. हा मनुष्य मूळचा फिलिपिन्सचा, अमेरिकेत मिनिआपोलिस येथे स्थायिक झालेला. १९७६ मध्ये त्याने आणि अँडरसन या सहकाऱ्याने एक हजार पंचवीस उघड्या अस्थिभंगांचा हिशेब प्रसिद्ध केला. त्यांनी तीन प्रकार पाडले. जखम एक सेंटिमीटरहून लहान आणि स्वच्छ असेल तर पहिला. त्याहून मोठी, पण मांसाची फार नासाडी नाही, तर दुसरा. मांस-कातडी चिरडलेली, हाडाचे तुकडे झालेले, जोराचा आघात, तर तिसरा. १९५५ ते १९६८ या काळातील जुन्या नोंदी पाहता एकूण रुग्णांपैकी १२ टक्क्यांना जंतुसंसर्ग झाला होता. १९६९ ते १९७३ या काळात त्यांनी ठरावीक शिस्तीने उपचार केले, म्हणजे जखम नीट धुऊन मेलेले मांस काढणे, लगेच प्रतिजैविक देणे, मोठ्या जखमा घाईने शिवून न टाकणे. तेव्हा हे प्रमाण २.४ टक्क्यांवर आले. तिसऱ्या प्रकारात ते ४४ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आले. हे कोणत्याही जादूच्या औषधाने झालेले नाही. बहुतेक श्रेय पाण्याला, सुरीला आणि धीराला आहे.

पुढे १९८४ मध्ये गुस्टिलोने तिसऱ्या प्रकाराचे पुन्हा तीन भाग केले. हाड झाकण्यापुरते मांस शिल्लक असेल तर 'अ'. हाड उघडे पडले आणि दुसरीकडून मांस किंवा कातडी आणून झाकावे लागणार असेल तर 'ब'. मुख्य रक्तवाहिनी तुटली आणि ती जोडावी लागणार असेल तर 'क'. त्या ८७ अस्थिभंगांच्या अभ्यासात 'अ' गटात जंतुसंसर्ग ४ टक्के, 'ब' गटात ५२ टक्के होता. हाडाच्या वरचे आच्छादन किती महत्त्वाचे आहे, हे या दोन आकड्यांवरून आपल्या लक्षात येईल.

येथे मला एक कबुली द्यायची आहे. मी शिक्षण संपवून नुकताच कामाला लागलो होतो. बारा वर्षांचा एक मुलगा गोठ्यात पडून आला. हाताची दोन्ही हाडे मोडली होती आणि मनगटाच्या वर बोराच्या बीएवढी जखम होती. मी मापाने पाहिली : एक सेंटिमीटरहून लहान. म्हणजे पहिला प्रकार. मी ती बाहेरून धुतली, दोन टाके घातले आणि वर प्लास्टर चढविले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलाला ताप भरला, बोटे सुजून काळवंडली आणि प्लास्टरला वास येऊ लागला. प्लास्टर कापले तर कातडीखाली हात दाबल्यावर कुरकुर आवाज येत होता. हा वायूचा कोथ, गॅस गँगरीन. त्या रात्री त्या मुलाचा हात कोपराच्या वर कापावा लागला. जीव वाचला. ते रुग्णालय कोणते हे सांगण्याचे कारण नाही, कारण चूक रुग्णालयाची नव्हती, माझी होती. शेतात किंवा गोठ्यात झालेला उघडा अस्थिभंग, जखम केवढीही असो, तिसऱ्याच प्रकारात धरावा, असे गुस्टिलोने १९७६ च्या लेखातच लिहून ठेवले आहे. मी परीक्षेपुरते वाचले होते. माप पाठ होते, त्याखालची ओळ नव्हती.

म्हणूनच आता आम्ही अपघात विभागात जखमेचा प्रकार लिहितच नाही. प्रकार ठरतो तो शस्त्रक्रियागृहात, भूल दिल्यावर, जखम उघडून, आत बोट घालून पाहिल्यावर. वर टिकलीएवढे भोक आणि आत वीतभर पोकळी मातीने भरलेली, असे मी अनेकदा पाहिले आहे. पालकांनी हे लक्षात ठेवावे की, "जखम लहान आहे, मग ऑपरेशन कशाला?" हा प्रश्न रास्त वाटला तरी त्याचे उत्तर बाहेरून पाहून मिळत नाही.

शिवाय एकच जखम दोन डॉक्टर दोन प्रकारांत घालतात. हे मी गंमतीने सांगत नाही. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत २४५ अस्थिशल्यविशारदांना नडगीच्या उघड्या अस्थिभंगांची तीच चित्रे व तीच माहिती दाखविली, तेव्हा त्यांचे एकमत सरासरी ६० टक्केच झाले. एकाच उत्तरपत्रिकेला दोन परीक्षक वेगळे गुण देतात, अशी तक्रार आपण नेहमी करतो. ती आमच्याकडेही आहे.

आणि या वर्गवारीत एक मोठी उणीव आहे. तिसरा-'ब' म्हटले की त्यात हातभर कातडी गेलेला पायही येतो आणि जेमतेम हाड उघडे पडलेला पायही येतो. एक वाचवणे सोपे, दुसरा वाचवावा की नाही हाच प्रश्न. डॉक्टरला आणि वडिलांना त्या रात्री हवे असते ते या प्रश्नाचे उत्तर. गुणांकनाची गरज येथे निर्माण झाली.

१९९० मध्ये अमेरिकेत सिॲटल येथील जोहान्सेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 'मेस' नावाची गुणपद्धती प्रसिद्ध केली. हाडामांसाच्या नासाडीला १ ते ४ गुण, रक्तपुरवठा थांबला असल्यास ३ पर्यंत आणि सहा तासांहून अधिक वेळ गेला असल्यास ते दुप्पट, रक्तदाब कोसळला असल्यास २ पर्यंत, आणि वयाला २ पर्यंत : तिशीच्या आत शून्य, पन्नाशीनंतर दोन. बेरीज सात किंवा अधिक भरली की अवयव कापावा, असा तिचा निकाल. पद्धत सुटसुटीत, बोटांवर मोजता येणारी, त्यामुळे ती लगेच पसरली. मीही ती वापरली. परंतु ती पन्नासेक अवयवांवरून बेतलेली होती आणि तिचा भर रक्तवाहिनीवर होता. ज्या पायात रक्तप्रवाह ठीक आहे पण बाकी सर्व गेले आहे, तेथे ती फसते. पुढे अमेरिकेतील आठ मोठ्या अपघात-केंद्रांनी मिळून एक व्यापक अभ्यास केला. २००१ मध्ये त्यांनी ५५६ पायांवर मेस आणि तिच्यासारख्या इतर पद्धती ताडून पाहिल्या. निष्कर्ष असा की, कमी गुण असतील तर पाय वाचण्याचा संभव चांगला, हे या पद्धती बऱ्यापैकी सांगतात. पण जास्त गुण आहेत म्हणून पाय कापलाच पाहिजे, हे त्यांवरून सांगता येत नाही. याच अभ्यासात असेही दिसले की, तळपायाची संवेदना गेली म्हणून जो पाय कापावा असे आम्हांला शिकविले गेले होते, तसे पाय न कापता ठेवले तेव्हा निम्म्याहून अधिक रुग्णांची संवेदना दोन वर्षांत परत आली.

आता आपल्या देशात या. तमिळनाडूमध्ये कोइमतूर येथे १९७८ मध्ये सुरू झालेले गंगा हॉस्पिटल आहे. दोन भाऊ तेथे काम करतात, डॉ. राजशेखरन हाडांचे, डॉ. राजा सबापती प्लास्टिक सर्जरीचे. या घरगुती योगायोगाचा रुग्णांना फार फायदा झाला, कारण उघड्या अस्थिभंगात हाडवाला आणि कातडीवाला पहिल्या रात्रीपासून एकत्र उभे राहिले पाहिजेत, आणि पुष्कळ रुग्णालयांत ते एकमेकांना चौथ्या दिवशी चिठ्ठी पाठवितात. २००६ मध्ये डॉ. राजशेखरन आणि सहकाऱ्यांनी नडगीच्या तिसऱ्या-'अ' आणि तिसऱ्या-'ब' प्रकारांतील १०९ रुग्णांवरून नवी गुणपद्धती मांडली. रक्तप्रवाह शाबूत असलेल्या पायांसाठी ती आहे. तिला गंगा हॉस्पिटल स्कोअर म्हणतात. आमच्या मुलाचे सोळा गुण याच पद्धतीने काढले होते. ते कसे, ते मी सांगतो. विद्यार्थ्यांनी मनात बेरीज करावी.

पहिला विषय आच्छादन, म्हणजे कातडी आणि तिच्याखालचा पापुद्रा. कातडी फाटली पण गेली नाही आणि जखम हाडावर नाही, तर एक गुण. पायाभोवती सगळीकडून कातडी गेली तर पाच. आमच्या मुलाच्या मोडलेल्या हाडावरचीच कातडी गेली होती. चार गुण.

दुसरा विषय हाड. सरळ मोडले तर एक. चार सेंटिमीटरहून अधिक हाड नाहीसे झाले तर पाच. येथे तीन सेंटिमीटर हाड गेले होते. त्याचा तुकडा गटारातच राहिला असावा. चार गुण.

तिसरा विषय स्नायू, त्यांचे दोर आणि मज्जातंतू. गुडघ्याखाली स्नायूंचे चार कप्पे असतात. दोन किंवा अधिक कप्पे नष्ट झाले तर पाच. येथे पुढचा एक कप्पा, पाऊल वर उचलणारा, पूर्ण गेला होता. चार गुण.

हे झाले बारा. चौथा विषय जरा वेगळा आहे. त्यात सात बाबी आहेत आणि लागू पडणाऱ्या प्रत्येक बाबीला दोन गुण मिळतात. जखम होऊन ती शस्त्रक्रियागृहात साफ होईपर्यंत बारा तासांहून अधिक वेळ गेला. सांडपाणी किंवा शेण-मातीची घाण आत गेली. वय ६५ च्या वर आहे. मधुमेहासारखा किंवा हृदय-फुप्फुसाचा आजार आहे. छाती-पोटालाही गंभीर मार आहे. दाखल होताना रक्तदाब ९० च्या खाली होता. त्याच पायाला दुसरी मोठी इजा आहे. आमच्या मुलाला गटाराचे दोन आणि रक्तदाब ८० होता म्हणून दोन. एकूण सोळा.

या परीक्षेत गुण जितके जास्त तितके वाईट, हे आपल्या ध्यानात आलेच असेल. चौदापर्यंत पाय वाचवावा. सतरा किंवा त्यावर गेले तर बहुधा कापावा लागतो. पंधरा आणि सोळा यांना त्या डॉक्टरांनी करड्या रंगाचा पट्टा म्हटले आहे. तेथे आकडा निर्णय देत नाही. पायाची बाकी स्थिती, शल्यविशारदाचा अनुभव, जवळ उपलब्ध सोयी, रुग्णाचा व्यवसाय, घरची परिस्थिती, हे सर्व पाहून माणसांनी निर्णय द्यायचा असतो. म्हणून मला त्या व्हरांड्यात उत्तर देता आले नाही. मी त्यांना एवढेच म्हणालो, "चाचा, पासही नाही, नापासही नाही. आपण दोघांनी बसून ठरवायचे आहे."

मग आम्ही बसलो. मी त्यांना दोन्ही बाजू सांगितल्या. एका बाजूला पाय कापला तर चार-सहा महिन्यांत कृत्रिम पाय. जयपूर येथे १९६८ मध्ये डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी बनविलेला पाय आपल्याकडच्या राहणीसाठी घडविलेला आहे; तो घालून माणूस उकिडवा बसतो, मांडी घालतो, शेतात अनवाणी चालतो. दुसऱ्या बाजूला पाय ठेवला तर पाच-सहा शस्त्रक्रिया, वर्ष-सव्वा वर्ष, खर्च, आणि शेवटी कदाचित कापावाच लागण्याची भीती. मी त्यांना त्या अमेरिकन अभ्यासाचा २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला भागही सांगितला. पाय कापलेले आणि पाय वाचवलेले अशा ५६९ रुग्णांची दोन वर्षांनंतर तुलना केली, तेव्हा दैनंदिन जीवनातील अडचणींच्या बाबतीत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. पाय वाचवलेल्यांना पुन्हापुन्हा दवाखान्यात यावे लागले, एवढे खरे. पाय ठेवणे म्हणजे जिंकणे आणि कापणे म्हणजे हरणे, असे आपण धरून चालतो. तसे ते नाही. माझ्याच हातचा एक गवंडी आहे. त्याचा पाय मी नऊ शस्त्रक्रिया करून वाचविला. बायकोचे दागिने गेले, मुलीची शाळा सुटली. अडीच वर्षांनी तो स्वतः म्हणाला, "साहेब, आता कापा." कापला. चार महिन्यांत तो पुन्हा कामावर उभा राहिला. ती अडीच वर्षे त्याला कोण परत देणार, हा प्रश्न मला अजून पडतो.

या मुलाच्या बाबतीत आम्ही पाय ठेवायचे ठरविले. कारणे तीन होती. तळपायाला स्पर्श कळत होता. प्लास्टिक सर्जन त्याच रात्री उपलब्ध होते. आणि वडील म्हणाले, "मी परत जाणार नाही, वर्ष लागले तरी घरी आहे." तिसऱ्या दिवशी मांडीचे मांस रक्तवाहिनीसकट आणून हाड झाकले. बहात्तर तासांच्या आत झाकावे, हा दंडक युगोस्लाव्हियातील ल्युब्लियाना येथील डॉ. मार्को गोडिना यांनी ५३२ रुग्णांच्या अनुभवावरून घालून दिला. त्यांचा तो निबंध १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला; त्याच वर्षी ते स्वतः मोटार अपघातात गेले. नंतर गेलेले हाड भरून काढण्यासाठी रशियातील कुर्गान गावच्या डॉ. इलिझारोव्ह यांच्या पद्धतीने पायाभोवती लोखंडी कड्या बसविल्या. वरचे हाड एका जागी कापून त्याचा तुकडा रोज एक मिलिमीटर खाली सरकवायचा, मागे नवे हाड तयार होत जाते. तो एक मिलिमीटरही एकदम नाही. दिवसातून चार वेळा पाना घेऊन पाव-पाव फिरवायचा. हे काम वडिलांनी केले. वेळ चुकू नये म्हणून त्यांनी ते फजर, जोहर, असर आणि ईशा या नमाजांना बांधून टाकले. मगरिबला पान्याला सुट्टी. सहा-सहा तासांचे काटेकोर अंतर काही राहिले नाही, पण एकही फेरा चुकला नाही. तीन सेंटिमीटर, तीस दिवस. ते पक्के व्हायला पुढे कित्येक महिने.

आता मला आपले लक्ष त्या चौथ्या विषयाकडे वळवायचे आहे. पहिले तीन विषय अपघाताच्या क्षणीच ठरून जातात. चौथ्यातले काही गुण मात्र रस्त्यावर ठरतात, डॉक्टर भेटण्याच्या आधी. त्या रात्री कॉलेजची दोन मुले टेम्पोतून येत होती. त्यांनी गाडी थांबविली, एकाने अंगातला शर्ट जखमेवर दाबून धरला, दुसऱ्याने छत्री पायाला बांधली, आणि दीड तासात मुलगा आमच्यापुढे होता. ती मुले थांबली नसती आणि मुलगा सकाळपर्यंत तेथे पडून राहिला असता, तर विलंबाचे दोन गुण वाढून अठरा झाले असते. तसे असते तर मी व्हरांड्यात वेगळे वाक्य बोललो असतो.

त्या मुलांनी केले तेवढे कोणीही करू शकतो. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे. हाड बाहेर आले असेल तर ते आत ढकलू नये. जखमेवर हळद, कॉफी, दंतमंजन, तेल, चुना, काहीही घालू नये. ते सर्व आम्हांला नंतर एकेक कण करून काढावे लागते. काठी, छत्री, वर्तमानपत्राची जाड गुंडाळी, जे मिळेल ते बांधून पाय हलणार नाही असे करावे. खिशात मोबाइल असेल तर झाकण्यापूर्वी जखमेचा एक फोटो काढावा, म्हणजे दवाखान्यात प्रत्येकाने पट्टी सोडून पाहण्याची गरज राहत नाही. पाणी-चहा पाजू नये, भूल द्यायची असते. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे. हाडवैद्याकडे आधी नेऊ नये. बंद अस्थिभंगाबाबत आपले मतभेद असू शकतील, उघड्याबाबत नकोत.

वेळेविषयी एक खुलासा. सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झालीच पाहिजे, हा आमचा जुना नियम फ्रीडरिख नावाच्या जर्मन डॉक्टरने १८९८ मध्ये गिनीपिगांवर केलेल्या प्रयोगातून आला. त्याने जखमांत बागेतली माती आणि जिन्यावरची धूळ भरली होती. आज आम्ही शस्त्रक्रियेला थोडी सवलत देतो, पण पहिले प्रतिजैविक इंजेक्शन तासाभरात मिळावे यावर अधिक जोर देतो. ते आणि धनुर्वाताचे इंजेक्शन जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळू शकते. मोठ्या शहराकडे धाव घेण्याआधी तेवढे मागून घ्यावे.

पोलीस त्रास देतील म्हणून लोक थांबत नाहीत. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने कलम १३४-अ आले आहे. मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची किंवा साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. २०२५ मध्ये केंद्र शासनाने रस्ते अपघातातील जखमींसाठी पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत रोख पैसे न भरता उपचाराची योजना अधिसूचित केली. त्याच २०१९ च्या कायद्यात कलम १९९-अ सुद्धा आहे, जे या सभागृहातील काही वडिलांना आवडणार नाही. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. दहावीला चांगले गुण मिळाले म्हणून आखातातून पाठविलेल्या पैशांची मोटारसायकल दाराशी उभी राहते, आणि मग दुसऱ्या परीक्षेचे गुण मला मोजावे लागतात. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. ज्यांचे नुसते पाय गेले त्यांचा हिशेब यात धरलेला नाही.

त्या मुलाविषयी आपण विचाराल म्हणून सांगतो. त्याला चौदा महिने लागले आणि सहा शस्त्रक्रिया. बारावीचे एक वर्ष बुडाले. पाऊल आपोआप वर उचलले जात नाही, म्हणून बुटात पट्टी घालावी लागते. नमाजला तो खुर्चीवर बसतो. वडील आखातात परत गेले नाहीत, त्यांनी येथेच रिक्षा घेतली. मुलाच्या आणि त्यांच्या संमतीनेच मी हे बोललो आहे. आज त्याने येथे यावे अशी माझी इच्छा होती, पण पॉलिटेक्निकची परीक्षा चालू असल्यामुळे तो येऊ शकला नाही.

ते गुणपत्रक मी बरोबर आणले आहे. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे यावे.